भामाआत्याची विकतची भाकरी

आमच्या भाकरीच्या शेडात पाऊल टाकलं की भामाआत्या आधी आम्हा सगळ्याजणींवरून एक नजर फिरवायची. मोजायची नाही. नुसतं बघायची आणि म्हणायची, "सुरेखा आली न्हाय. पोरगं आजारी हाय का, बघून या कुणीतरी." तिच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडं मेंढरं होती. कळपातलं एक मागं राहिलं तर मेंढपाळाला ते न मोजता कळतं, तसं तिला आमचं कळायचं. नंदा तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "आत्या, आमी काय मेंढरं हाय व्हय?"

"मेंढरं बरी," आत्या म्हणाली. "ती येवढी बोलत न्हाईत."

माझ्याबद्दल तिची ती तक्रार नव्हती. मला चार माणसांत बोलता येत नाही. ती मला "आमची मुकी" म्हणायची, पण रागानं नाही. आत्या गेली त्याला आता वर्ष होत आलं. परवा उसतोडीच्या टोळ्या आल्या, माळावर त्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं की तिच्याबद्दल थोडं लिहून ठेवावं. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळं चुकलं तरी चालेल.

आमचं गाव सणसर. एकीकडं बारामती, दुसरीकडं इंदापूर आणि चहूकडं ऊस. आत्याचं घर आमच्या घरामागं. पूर्वी त्यांचा मोठा कळप होता. दिवाळीनंतर सगळं कुटुंब घोड्यावर बिऱ्हाड टाकून कोकणाच्या अंगाला निघायचं. पुढं कालव्याचं पाणी रानात आलं, सासऱ्यानं कळप विकला आणि त्यांच्याकडंही ऊस झाला. आत्याचं चालणं मात्र कळपामागचंच राहिलं. काठी नसली तरी हात काठी धरल्यासारखा. खुर्चीवर कधी बसली नाही. उकिडवी बसायची आणि बोलताना तुमच्याकडं न बघता लांब कुठंतरी बघायची, जणू तिकडं काहीतरी चरतं आहे. काही ठरवायचं असलं आणि आम्ही वाद घालत बसलो, की ती उठायची आणि म्हणायची, "चालून बघू." म्हणजे आता बोलणं बंद, सुरुवात करा.

भाकरीचं कामही तसंच सुरू झालं. एका संध्याकाळी ती माळावरून येत होती. बीडकडची उसतोडीची टोळी नुकतीच फडातून परत आली होती. पुरुष मंडळी कोप्यांपुढं पाठ टेकून बसली होती, आणि दिवसभर त्यांच्याबरोबर ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेल्या बायका तीन दगड मांडून पीठ मळत होत्या. आत्या सरळ माझ्या दारात आली.

"मी लगीन करून आले तवा अशीच थापत हुते," ती म्हणाली. "दिसभर चालायचं, आणि मुक्कामाचा तळ पडला की गडी बसायचे आणि बाईचं दुसरं काम सुरू. तवा वाटायचं, कुणीतरी आयती भाकरी आणून दिली तर मी कोरड्यास करीन आणि निजंन." मग माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "तुझी भाकरी गोल येती. उद्या ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले.

तिच्या गुरांच्या शेडात आम्ही सुरुवातीला पाचजणी होतो. गॅसच्या शेगड्या, काठवटी, ज्वारीचं पीठ. दुपारी थापायला बसायचं आणि दिवेलागणीला नंदाच्या नवऱ्याच्या टेम्पोतून टोपल्या माळावर न्यायच्या. पण नुसत्या टोळीवर हे भागणार नव्हतं. म्हणून आत्यानं बारामतीतल्या पोरांच्या मेस धरल्या, आणि सोलापूर रस्त्यावरचे इंदापूरकडचे दोन ढाबे. तिथं भाकरी बाजारभावानं द्यायची. त्यातून आमची मजुरी आणि पीठ निघायचं, आणि टोळीवर तीच भाकरी निम्म्या दरानं देता यायची. एवढंच होतं सगळं. मला तरी त्यात अवघड काही दिसलं नाही. पण लोकांना ते समजून घ्यायला फार त्रास झाला.

एका मेसवाल्याला दोन दरांचं कळलं. तो म्हणाला, "आजी, भाकरी तीच आणि मला महाग?"

"तुमी पंख्याखाली खाता," आत्या म्हणाली. "ते उन्हातनं येऊन खात्यात. त्यांची जास्त लागती."

तो हसला आणि दर तोच राहिला.

इंदापूरच्या ढाब्याच्या मालकाची तऱ्हा वेगळी. त्याला आत्या दादाराव म्हणायची. त्याचा विश्वासच बसेना. "योजना कुठली ही, भामाबाई?"

"योजना न्हाय."

"मग अनुदान किती मिळालं?"

"अनुदान न्हाय."

दादारावानं चहाचा कप खाली ठेवला. "बरं, फोटो कुणाचा लावायचा हाय टेम्पोवर, ते तरी सांगा. पुढं इलेक्शन हाय म्हणून इचारतो. ऐन वेळंला दुसऱ्या पार्टीचं गिऱ्हाईक यायचं आणि माझ्या गळ्यात पडायचं."

आत्यानं त्याला टेम्पोभोवती फिरवून दाखवलं. टेम्पोवर नंदाच्या पोरांची नावं होती, बाकी काही नाही. तरी पुढं कितीतरी महिने तो भाकरी घेताना आमच्याकडं डोळा बारीक करून बघायचा. खरं कधीतरी बाहेर येईल अशी त्याला आशा होती.

आणि आमच्या गावात? आमच्याकडं घरोघर साखर कारखान्याचे सभासद. चार माणसं एकत्र येऊन काही करतात म्हणजे तो सहकारच, दुसरं काही असतं हे आम्हाला ठाऊकच नाही. पहिली दिवाळी आली तशी नंदानं शेडात विषय काढला. "आत्या, साखर किती?"

"कसली साखर?"

"दिवाळीची. सभासदाला दिवाळीची साखर असती का न्हाय? आमी सभासद हाय ना?"

बाकीच्या बायकांनीही थापणं थांबवलं. आत्या म्हणाली, "अगं, आपण भाकरी करतो. साखर कुठनं आणू?"

"ते चेअरमननं बघायचं," नंदा म्हणाली.

आत्या दोन दिवस धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी दुकानातून साखर आणून, पिशव्या बांधून प्रत्येकीपुढं आदळली. "घ्या. आणि मला चेअरमन म्हणाल तर याच तव्यावर बसवीन." नंदानं पिशवी हातावर तोलून बघितली आणि म्हणाली, "कारखान्यापेक्षा कमी हाय."

साखर झाली तशी वर्षाची सभाही आली. ती नको म्हणायची सोय नव्हती. शेडापुढच्या कडुनिंबाखाली आम्ही बसलो. आत्यानं सांगायला सुरुवात केली, "पीठ आणताना औंदा..." आणि नंदा हात वर करून ओरडली, "मंजूर!" तिच्यामागं सगळ्या, "मंजूर, मंजूर!" गड्यांच्या सभेत असंच असतं हे आम्ही लांबून ऐकलेलं. आत्या बघतच राहिली. "काय मंजूर? मी अजून काय म्हनलेच न्हाय." सगळ्या हसून हसून लोळल्या. पण त्या दिवसापासून एक झालं. सभेत हात वर झाले की आत्या ते मानायची. मनात नसलं तरी मानायची.

तिचे दोषही होते. पिठाच्या बाबतीत ती फार चिकट. काठवटीला लागलेलं पीठसुद्धा बोटानं पुसून घ्यायला लावायची. आणि चुकलं असं तोंडानं कधी म्हणायची नाही. एखादीला उगीच बोलली, की दुसऱ्या दिवशी तिच्या हातात गुळाचा खडा ठेवायची आणि निघून जायची. आम्ही ओळखायचो. नंदानं असा वर्षभराचा गूळ खाल्ला.

टोळीवर पहिल्यांदा गेलो तेव्हाची चूक मात्र गुळानं भागण्यासारखी नव्हती. त्या पहिल्या दिवशी आत्या फार खुशीत होती. टोपली खाली ठेवून तिनं बायकांना सांगितलं, "घ्या गं. पैशाची घाई न्हाय. सवडीनं द्या, पंधरवड्याचं बिल झालं की द्या." एकही बाई पुढं आली नाही. एकीनं लेकराला ओढून कोपीत नेलं. आम्ही सगळ्या भाकरी परत आणल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. नंदा चिडली. "काय मिजास हाय बीडच्या बायकांची. आमच्या हातची चालत न्हाय व्हय?"

आत्यालाही राग आला होता. चौथ्या दिवशी ती टोपली तशीच ठेवून एका बाईपुढं जाऊन उकिडवी बसली. ती कविता. पंचविशीची असेल, कडेवर पोर, हातात पिठाचा गोळा.

"का घेत न्हाय गं?" आत्यानं विचारलं. "काय वाईट हाय भाकरीत?"

कविता खाली बघून म्हणाली, "वाईट न्हाई माय. पण तुमी मुकादमाच्या हाव ना?"

"मुकादमाच्या? मी कशाला त्याची?" आत्या म्हणाली.

"मग नंतर पैशे द्या असं दुसरं कोन म्हनतं?" कविता म्हणाली. "आमची उचल आधीच अंगावर हाय. गावाकडून निघताना मुकादमानं जे पैशे दिले, ते फिटंपर्यंत आमी त्याचे. आता भाकर खायची आन् ती बी त्याच्या हिशेबात चढायची. किती खाल्ल्या ते बी तोच सांगणार. त्यापरीस आमी थापतो."

आत्या उठली, टोपली उचलली आणि टेम्पोत बसली. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं, ती स्वतःशीच म्हणाली, "मी त्यांच्या गळ्यात दोरी घालाय निघाले हुते."

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्ट्या पैशांचा डबा घेतला. माळाच्या मधोमध उभी राहिली आणि मेंढरं हाकावीत तशी मोठ्यांदा हाक दिली. "भाकरी इकत हाय. पैसा हातात, भाकरी हातात. उधार न्हाय, फुकट न्हाय. मी मुकादमाची कुणी न्हाय." दर सांगितला. मग कविता आली. तिनं एकच भाकरी घेतली, पैसे दिले, भाकरी उलटीपालटी करून बघितली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं घरच्या सगळ्यांना पुरतील एवढ्या घेतल्या. आठ-दहा दिवसांत माळावरच्या बहुतेक कोप्यांपुढं पीठ मळणं बंद झालं. संध्याकाळी बायका पाय पसरून बसलेल्या दिसू लागल्या. एकीची वेणी दुसरी घालते आहे असंही दिसायचं. आत्या टेम्पो निघायच्या आधी ते बघत थोडी थांबायची.

गावात मात्र तिला नावं ठेवली गेली. गरिबांसाठी करते म्हणते आणि त्यांच्याकडूनच पैसे घेते. पारावर एका तात्यांनी तिला तोंडावर म्हटलं, "भामाबाई, पुण्य करायचं तर सढळ हातानं करावं. भाकरीचा काय दर लावता?" आत्या चालता चालता म्हणाली, "तात्या, पुण्य तुमी करा. मी धंदा करती." तात्यांना ते पुढं बरेच दिवस लागलं होतं.

तिसऱ्या हंगामात पुण्याहून सानिका नावाची एक मुलगी आली. लोकांच्या भल्याचे धंदे कसे चालतात, हे ती कॉलेजात शिकत होती. ती आमच्याबरोबर चार दिवस बसली. तिची भाकरी कधी गोल झाली नाही, पण ती मनानं फार चांगली. तिनं सांगितलं की आम्ही करतो त्याला सोशल एंटरप्राइझ म्हणतात.

आत्यानं विचारलं, "म्हंजे संस्था का कंपनी?"

"दोन्हीच्या मधलं, आत्या."

"मधलं काय नसतं बाई. गाडी बारामतीला तरी जाती न्हाय तर इंदापूरला."

"मग तुमचं सणसर कुठं आहे?" सानिका म्हणाली.

आत्या हसली. तिला कुणी निरुत्तर केलेलं आवडायचं, रोज होत नसे म्हणून. सानिका म्हणाली की ती जिथं जिथं गेली तिथं लोक अशा कामाला आपापल्या भागातलं काहीतरी समजतात. कुठं देवाचं काम, कुठं दान, कुठं सरकारचं. आत्या म्हणाली, "मग लिव. इंदापुरात आमी पार्टीचे, सणसरात कारखान्याचे आणि टोळीवर मुकादमाचे. आमी आमचे कुठंच न्हाय."

पण त्याच हंगामात आमचं गणित बिघडलं होतं. ज्वारी महाग झाली. दादारावानं ढाब्यावरच भाकरी थापायला एक बाई बसवली आणि आमची भाकरी बंद केली. मेसच्या पैशांत आमची मजुरी निघायची, पण टोळीचा निम्मा दर कुठून भरून काढायचा? नंदानं स्पष्ट सांगितलं, "आत्या, टोळी बंद करूया. आपल्याच चुली इझायच्या." आत्या म्हणाली, "हंगाम संपूस्तवर तरी." तिनं स्वतःची मजुरी घेणं थांबवलं. मग रोज सकाळी घरच्या रानातली भाजी घेऊन बाजारात बसू लागली. त्यानंही भागत नव्हतं. टोळीवरची फेरी चालू राहणार की बंद होणार, एवढा एकच विषय शेडात होता. आत्या वाळली. पण माळावर गेली की डबा वाजवून तशीच हाक द्यायची.

सानिकानं आमचं काम फोनवर चार माणसांना दाखवलं होतं. त्यातून बारामतीच्या एमआयडीसीतले एक साहेब आले. मोठ्या हुद्द्यावरचे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. आले ते चप्पल बाहेर काढून शेडात आले आणि पाटावर बसले. म्हणाले, "आजी, उरलेल्या हंगामाचा टोळीच्या भाकरीचा सगळा खर्च माझा. त्यांच्याकडून एक पैसा घेऊ नका. तुम्हाला मात्र पूर्ण दर मिळेल."

आमच्यासाठी ते देव आल्यासारखं होतं. आत्या लांब बघत म्हणाली, "फुकट दिली तर घेणार न्हाईत साहेब."

"भुकेला माणूस नाही कसं म्हणेल?" साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात गर्व नव्हता. खरंच विचारत होते.

आत्याला नीट सांगता येईना. म्हणाली, "सभेला इचारते."

कडुनिंबाखाली सभा बसली. आत्यानं पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितली. नंदा म्हणाली, "तवा आपण नव्या हुतो. आता वळखत्यात त्या आपल्याला. फेरी बंद पडण्यापरीस फुकट बरी का न्हाय?" नंदानं हात वर केला. मग सुरेखानं. मग सगळ्यांनी. मीही केला, कारण फेरी चालू राहावी असंच मला वाटत होतं. "मंजूर," नंदा म्हणाली, पण या वेळी ओरडली नाही.

आत्या म्हणाली, "बरं. चालून बघू."

पैशांचा डबा घरी ठेवून आम्ही टोळीवर गेलो. पहिल्या दिवशी बायकांनी भाकरी घेतल्या, पण एकमेकींकडं बघत. दुसऱ्या दिवशी निम्म्याच आल्या. आठवडा संपेपर्यंत भरलेली टोपली भरलेलीच परत येऊ लागली आणि माळावर पुन्हा तीन दगडांचे जाळ दिसू लागले. कविता आमच्याकडं पाठ करून थापत होती. आत्या आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. "मी सांगितलं हुतं," असं ती म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं सानिकाला सांगून साहेबांना फोन करायला लावला. "एकदा येऊन बघा म्हणावं."

साहेब आले, सानिकाही आली. दिवेलागणीची वेळ. एका उलट्या घमेल्यावर साहेब बसले आणि त्यांनी कवितालाच विचारलं, "ताई, भाकरी का नको? मी मनापासून देतो आहे."

कविता पदर सावरून उभी राहिली. तिची सासू कोपीतून "गप ऱ्हा" म्हणत होती. पण ती बोलली.

"तुमी मनापासून देता ते कळतंय साहेब. पण तुमी ऱ्हाता बारामतीत. हितं मुकादम आमाला सांगतो, भाकर मी आणवतो तुमच्यासाठी, मंग ताप असू का पोटुशी असू, कामाला न्हाई म्हनायचं न्हाई. आता तो खोटं बोलतो हे आमी कशावरून म्हनावं? पैशे तर आमी देत न्हाई. इकत घेत हुतो तवा त्याला असं म्हनता येत नव्हतं. तवा भाकर आमची हुती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग हसून म्हणाले, "आजी, तुम्ही सांगितलं होतं."

"मी कुठं सांगितलं," आत्या म्हणाली. "मला तरी कुठं सांगता आलं? हिनं सांगितलं."

"मग आता मी काय करू?"

आत्या त्यांच्याकडं चांगली निरखून बघू लागली. "तुमी जेवता कुठं, साहेब?"

"कँटीनमध्ये."

"तितं भाकरी असती?"

"चपाती असते."

"रोज चपाती?" आत्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "किती माणसं जेवत्यात?"

साहेबांच्या आता ध्यानात आलं. ते मोठ्यानं हसले. "म्हणजे मी गिऱ्हाईक व्हायचं."

"व्हा की."

पुढं जे झालं त्यावर नंदा अजून हसते. साहेबांनी कँटीनसाठी भाकरीचा दर विचारला आणि आत्यानं सांगितला. साहेब म्हणाले, रोजची मोठी ऑर्डर आहे, थोडा कमी करा. आत्या म्हणाली, जमायचं न्हाय. साहेब म्हणाले, थोडा तरी. दोघं माळावर उभी राहून चांगली घासाघीस करत होती आणि टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. नंदा म्हणाली, "आत्ता हा माणूस सगळं फुकट वाटाय निघाला हुता, आणि आता दोन रुपयांसाठी भांडतोय." सानिका म्हणाली, "नंदाताई, हेच मला पुस्तकात कुठं सापडत नव्हतं." शेवटी साहेबांनी आत्याचाच दर मानला. कँटीनमध्ये आधी आठवड्यातून दोन दिवस आणि मग रोज आमची भाकरी जाऊ लागली, आणि टोळीचा निम्मा दर पुन्हा निघू लागला.

सानिकानं एक पाटी रंगवून दिली. मोठ्या अक्षरांत भाकरीचा दर आणि खाली, "रोख विकत मिळेल. कोणाच्या हिशेबात नाही." ती आम्ही माळावर रोवली. मुकादमानं येऊन ती वाचली. आत्या शेजारीच उभी होती. त्यानं खिशात हात घातला आणि स्वतःसाठी चार भाकरी घेतल्या. आत्यानं त्याला टोळीचा दर लावला नाही, मेसचा लावला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांचीच गोष्ट, आत्याच्या शेवटच्या फेरीची. आत्याच्या छातीत अधूनमधून कळ येत होती, ते आम्हाला मागाहून कळलं. त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा सावकाश चालत होती. टोपलीपाशी रांग लागली होती. पैसे डब्यात पडत होते. सगळ्या भाकरी संपत आल्या आणि रांगेच्या शेवटून कविता परत आली. तिच्या हातात एक भाकरी होती. तिनं ती आत्याच्या नाकापुढं धरली.

"ही बघा. कडंनं करपलीय. पैशे मोजतो आमी. असली चालायची न्हाई, सांगून ठेवते."

नंदाला झोंबलं. ती काही बोलायला गेली, तर आत्यानं हात करून तिला थांबवलं. भाकरी घेतली, उजेडाकडं धरून बघितली. खरंच करपली होती. "चूक झाली गं बाई," आत्या म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला. टोपलीतली तळाची मऊ भाकरी काढून तिनं कविताला दिली. कवितानं ती बोटानं दाबून बघितली, मान हलवली आणि गेली.

परत येताना आत्या टेम्पोत माझ्यासमोर बसली होती. टेम्पोला हिसके बसत होते. तिच्या मांडीवर ती करपलेली भाकरी होती. तिचा तुकडा मोडून ती नुसताच चावत होती आणि मधेच हसत होती. एक तुकडा तिनं माझ्यापुढं केला आणि म्हणाली, "कशी तोंडावर बोलली बघितलंस? कशी परत दिली?"

मी तुकडा घेतला. कडू होता. ती उरलेली सगळी भाकरी खाऊन संपवेपर्यंत आमचं गाव आलं.